डाव्या हाताची वाट

गवळमाथ्यावर जायचं हाशिमभाईंनी पावसाळा सरल्यासरल्या पक्कं केलं होतं. सेनगावात गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान. वय साठीला टेकलेलं, आयुष्य कापसात बसून गेलेलं. डोंगर चढायची हौस त्यांना कधीच नव्हती. ती त्यांच्या पोराला, जुबेरला होती. चार वर्षांपूर्वी, श्रावणात, ढग खाली उतरलेले असताना जुबेर एकटाच गवळमाथ्यावर गेला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या अंगाच्या दरीत मेलेला सापडला.

वर डोंगरात वाट दुभंगते त्या फाट्यापासून माथ्याकडं जाणारी वाट उजव्या हाताची, चांगली रुंद, असं सगळेच सांगत. मग पोरगं डावीकडं काहून वळलं? हा सवाल हाशिमभाईंच्या उशाशी चार वर्षं बसून होता.

"वहाँ जाके क्या करते तुम?" त्यांच्या बायकोनं, फातिमाबीनं विचारलं.

"नजर से देखता. बस."

फातिमाबी उठून आत गेली. तिनं जुबेरचे कॅनव्हासचे बूट काढून झटकले आणि हाशिमभाईंच्या पायाशी ठेवले. ते त्यांना बराबर बसले.

वाट दाखवायला माणूस हवा म्हणून शुक्रवारी नमाज उरकून ते पुसेगावच्या जीपमध्ये बसले. तिथून आत तीन कोस, डोंगराच्या पायथ्याला ज्ञानबाची वस्ती. तो डोंगर ज्ञानबाइतका कुणालाच ठाऊक नाही, असं सगळे म्हणत. म्हातारा मेंढरं पाणवठ्यावर घालून बसला होता. तोंडानं हाकारत नव्हता, नुसती काठी दगडावर ठोकत होता.

हाशिमभाईंनी नाव सांगितलं तशी काठी थांबली.

"रवारी निघायचं म्हणतो," हाशिमभाई म्हणाले. "किती वेळ लागंल चढायला?"

"तुमच्या पायानं तीन तास." ज्ञानबा अगदी हळू बोलायचा, शेजारी कुणी निजलंय अशा बेतानं. "पाणी खालूनच घ्या. पहिल्या टेपाडावर इसावा घ्या. मंग सागाचं रान लागतं. तिथं उन्हाचं बी अंधारून येतं. फाट्यावर..."

त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली.

"फाट्यावर काय?"

"मी त्या दिशी वर होतो, हाशिमभाई."

"पोलिसांना तर तुमी घरी होते म्हणून सांगितलं."

"खोटं सांगितलं." ज्ञानबानं मान वर केली नाही. "ढग असा उतरला होता की हातातली काठी दिसंना. मेंढरं घेऊन फाट्याच्या वरच्या अंगाला बसलो होतो. घुंगरं वाजली असतील, त्यावरून त्याला कळलं कुणीतरी हाय. खालून आवाज आला, 'काका, इकडून का?'"

हाशिमभाईंचे हात मांडीवर तसेच राहिले.

"डोंगरात दिसत नसलेल्या माणसाला ओ देऊ नये, असं आमच्यात म्हणतेत. चकवा असतो, माणसाचा आवाज काढून भुलवून नेतो. मी गप बसलो. पुन्यांदा आवाज आला. तरी गप. तिसऱ्यांदा आला तो डावीकडून, लांबून. मंग न्हाई आला."

पाणवठ्यावर मेंढरं पीत होती, तेवढाच आवाज.

"तवापासून मला रोज ऐकू येऊन राहिलं," ज्ञानबा म्हणाला. "भर दुपारी. तेच. 'काका, इकडून का?' मोठ्यानं बोलायचं भेव वाटतं. माझ्या आवाजाला धरून त्यो आला तर?"

हाशिमभाई उठले. म्हाताऱ्याच्या थोबाडीत द्यावी असं त्यांना वाटलं, आणि त्याचं डोकं छातीशी धरावं असंही वाटलं. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. पाठ फिरवून जीपच्या रस्त्याला लागले, दहा पावलांवर थांबले.

"रवारी आठला येतो. पुढं तुमी चालायचं."

रविवारी दोघं चढले. ज्ञानबा पुढं, हाशिमभाई मागं. सागाचं रान लागलं तसं दिवस मावळल्यागत झालं. वाळक्या पानांवर दोघांच्या पावलांचा आवाज व्हायचा, आणि ते थांबले तरी तो थोडा उशिरा थांबायचा. हाशिमभाईंनी एकदा मागं पाहिलं. मग पाहिलं नाही.

फाट्यावर हाशिमभाई बसले. उजवीकडची वाट खरंच रुंद होती. डावीकडची चार पावलांवर झाडीत शिरून दिसेनाशी होत होती. त्यांनी बाटली तोंडाला लावली.

तेवढ्यात पुढं उभा असलेला ज्ञानबा वळला, डावीकडच्या झाडीकडं तोंड करून फुटक्या आवाजात ओरडला, "तिकडं नको रे लेकरा. उजवीकडं ये. मी हाय इथं."

दरीतून त्याचाच आवाज फिरून आला आणि विरला. ज्ञानबा कान देऊन उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"ऐकलं का तुमी?" त्यानं विचारलं.

हाशिमभाईंनी काहीच ऐकलं नव्हतं. पानही हललं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले.

ज्ञानबा उजव्या वाटेनं माथ्याकडं निघाला. हाशिमभाई मागं राहिले. लेकाचा आवाज चार वर्षं या परक्या माणसाकडं रोज येत होता आणि बापाकडं एकदाही आला नव्हता. त्यांनी डाव्या झाडीकडं कान लावला आणि श्वास धरून कितीतरी वेळ तसेच बसले.