फाटकावरची लेक

फाटकवाला निवृत्त झाला तरी फाटक काही त्याच्या अंगातून गेलं नव्हतं. उभी हयात त्यानं साबणाच्या कारखान्याच्या दारात काढली, आत जाणाऱ्याचा पास बघत आणि बाहेर येणाऱ्याची पिशवी उघडत. नोकरी सुटली तसं त्यानं आपल्या घरालाच फाटक लावलं. अंतःकरण राखा, मनात भलतंसलतं शिरू देऊ नका, असं चर्चचे पाळकसाहेब दर दोन-चार रविवारी उपदेशात सांगायचे. बाकीची मंडळी मान डोलवायची आणि घरी जाऊन मालिका बघत बसायची. यानं मात्र टीव्ही भंगारवाल्याला देऊन टाकला. पेपर दारात पडला की आधी त्याच्या कात्रीखालून जायचा. नट्यांचे फोटो, खुनाच्या बातम्या, राशिभविष्य, सगळं कापून मगच तो आत यायचा.

"तुम्ही पेपर वाचायला घेता की झालर करायला?" बायको विचारायची.

"तुला नाही कळायचं. एकदा आत शिरलं की बाहेर काढताना नाकी नऊ येतात."

यानंतर एक गोष्ट ठरलेली असायची. ट्रकच्या ताडपत्रीखालून तांब्याची तार चोरून नेणाऱ्या एकाला त्यानं अडवलं होतं. त्या माणसानं लोखंडी सळई घातली आणि याच्या खांद्याचं हाड मोडलं. कामगारांनी याला उचलून थेट मॅनेजरच्या खोलीत नेलं, आणि मॅनेजरनं अंगातला पांढरा शर्ट काढून जखमेवर दाबून धरला. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली होती, की लेक लहानपणी जेवताना ओठ हलवत ती त्याच्याबरोबर म्हणायची.

लेक एकुलती एक. शिकली, आणि एका मोठ्या ऑफिसात लागली. लोक मोबाइलवर जे फोटो आणि व्हिडिओ टाकतात ते तपासायचे, घाण असेल ते काढून टाकायचं, असं तिचं काम. बापाची छाती फुगली. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहून त्यानं सांगितलं, "बाप फाटकावर होता, आता लेकही फाटकावर आहे." मंडळी जोरात आमेन म्हणाली. या फाटकावर रोज काय येतं, हे कुणी विचारलं नाही. बापानंही नाही.

रविवारी ती मंडळीतल्या लहान मुलांचा वर्ग घ्यायची. ती दिसली की मुलं ताई, ताई करत तिच्या हाताला लोंबकळायची. "आठवडाभराचे डोळे तिथं धुऊन निघतात," असं ती आईला म्हणायची. आईला वाटायचं, कॉम्प्युटरनं पोरीचे डोळे चुरचुरत असतील.

मग लेकीचं जेवण कमी झालं. भिंतीला पाठ लावल्याशिवाय ती बसेना. एका संध्याकाळी घरातली प्रार्थना संपली आणि फाटकवाल्यानं दरडावून विचारलं, "तू प्रार्थनेत डोळे का मिटत नाहीस?"

"तुम्हाला कसं कळलं?" बायकोनं पटकन विचारलं.

साठी उलटलेला माणूस लाजला, आणि लाजला म्हणून जास्तच चिडला. "मी तिला विचारतोय."

"मिटले की दिसतं, बाबा."

"काय दिसतं?"

लेकीनं आधी आईकडे बघितलं. "एक पोरगं. माझ्या वर्गातल्या धाकट्यांएवढं. त्याला कुणीतरी... आम्हाला शेवटपर्यंत बघावं लागतं. खोली कसली, आवाज कुणाचा, खिडकीतून काय दिसतं, सगळं टिपून पोलिसांना कळवायचं. कधी कधी पोरं सापडतात. हे अजून सापडलं नाही. त्याचा तो..."

"बस!" ट्रक थांबवायचा तसा फाटकवाल्यानं डावा हात पुढे केला. "हे या घरात नको."

बायको लेकीकडे सरकत होती, ती होती तिथंच थांबली. लेकीनं वाक्य तसंच सोडलं, ताटं उचलली आणि घासायला घेतली. त्या पोराविषयी ती त्या घरात पुन्हा बोलली नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बापाचं काळीज घाबरलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा दुसऱ्या दिवशी सकाळीच पाळकसाहेबांच्या दारात. "फक्त प्रार्थनेसाठी सांगतोय," म्हणाला. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ डोळे मिटले आणि चर्चच्या पंचांची बैठक बोलावली.

उपासनामंदिरामागच्या खोलीत पंच जमले. बेकरीवाले म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी आहे, त्यात वादच नाही. पण डोळ्यांतून जे आत जातं ते कधी ना कधी बाहेर येणारच. आमची नात तिच्या मांडीवर बसते हो."

निवृत्त नर्सबाई फटकन म्हणाल्या, "मी जन्मभर लोकांचा पू धुतला. मला कुणी प्रभुभोजनाला येऊ नको म्हणालं नाही."

"बाई, ते शरीर. हे मन," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ, की त्या आवाजातला नकारही आशीर्वादासारखा वाटायचा. "आपण तिला काढत नाही. ती नोकरी सोडेपर्यंत वर्ग फक्त दुसऱ्याकडे देतोय."

हात वर करायची वेळ आली. फाटकवाला स्वतः पंच होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. लेकीची बाब आहे, मला यातून वगळा, एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. उजवा हात वर जात नव्हता, त्यानं डावा केला. नर्सबाईंचे हात मांडीवरच राहिले. "बाप असावा तर असा," बेकरीवाले म्हणाले, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला बरं वाटलं.

लेकीला सांगायचं काम साहजिकच त्याच्याकडे आलं. शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. ती त्याच्याच कात्रीनं वर्गातल्या मुलांसाठी रंगीत कागदाचे मासे कापत होती.

"थोडे दिवस वर्ग राहू दे," तो म्हणाला. "पंचांनी ठरवलंय. तुझ्याच भल्यासाठी. नोकरी सोड, मग वर्ग परत तुझाच."

"मी सोडली तर त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसेल."

"बसू दे. आपल्याला काय करायचंय?"

तिनं कात्री खाली ठेवली. "तुम्ही हात वर केलात?"

"डावा," तो म्हणाला. असं का म्हणाला, देव जाणे.

"बाबा, तुम्हाला सळई लागली तेव्हा तुम्हाला उचलून आत नेलं होतं ना?"

त्याचा डावा हात उजव्या खांद्याकडे गेला.

"शर्ट खराब होईल म्हणून मॅनेजरनं दार लावून घेतलं असतं तर?"

जन्मभर त्यानं सांगितलेली गोष्ट आज त्यालाच कुणीतरी सांगत होतं. "ते वेगळं," तो कसाबसा म्हणाला.

"हो ना. तो साबणाचा कारखाना होता," लेक म्हणाली आणि मासे गोळा करू लागली.

काही दिवसांनी तिनं ऑफिसजवळ खोली घेतली. भांडली असती तर समजूत तरी घालता आली असती. ती भांडलीच नाही. निघताना दारात तिनं बॅग खाली ठेवली आणि चेन सरकवून त्याच्यासमोर उघडी केली.

"बघून घ्या, बाबा. इथलं काही नेत नाहीये."

उभी हयात पिशव्या तपासलेल्या त्या माणसाला त्या बॅगेकडे बघवलं नाही. बायकोनं वाकून चेन लावली आणि लेकीला बसपर्यंत सोडायला गेली.

आता घर चोख आहे. पेपर अजून कापूनच आत येतो. संध्याकाळी नवरा-बायको दोघंच प्रार्थनेला बसतात आणि तो लेकीसाठी मागणं मागतो, तिला राख, तिच्या मनाला वाईटाचा वारा लागू देऊ नकोस. परवा असंच मागता मागता त्यानं डोळे उघडले. बायको सताड उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, आणि तिनं नजर वळवली नाही.

डोळे का मिटत नाहीस, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. मिटले की तिला काय दिसतं, ते त्याला माहीत होतं. उघडी बॅग समोर ठेवून दारात उभी लेक.

त्यानं घाईघाईनं आमेन म्हटलं. ती म्हणाली नाही.