फाइल सापडत नाही

मेरिनने सातव्यांदा एंटर दाबलं. पडद्यावर सातव्यांदा तेच उमटलं : फाइल सापडत नाही.

फाइल तर समोर दिसत होती.

होबार्ट शहरातल्या त्या कचेरीतून हुऑन नदीकाठच्या लोकांना रोज सकाळी पाण्याची पातळी मोबाइलवर जायची. जुना सर्व्हर रविवारी बंद पडला आणि संदेश थांबले. पातळीचं गणित करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, चाळीस वर्षांपूर्वी फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली, ती वापरणारा मेरिनचा प्रोग्राम पायथन या नव्या भाषेतला. नव्या सर्व्हरवर दोघांचं जमेना. वर डोंगरात चार दिवस पाऊस लागून राहिला होता.

मजल्यावर ती एकटीच होती. बाकीचे घरून काम करत. बराच वेळ हालचाल झाली नाही की छताचे दिवे आपोआप विझत. मग मेरिन हात उंच करून हलवी. घटस्फोटानंतर घरी बसण्यापेक्षा तिला हेच बरं वाटे.

शेवटी तिने जुन्या कागदांतून लायब्ररी लिहिणाऱ्याचा घरचा नंबर शोधून काढला. डूगल पेथरिक. निवृत्त, एक्क्याऐंशी वर्षांचे, हुऑनच्याच काठी राहणारे.

"मला विमा नकोय," फोन उचलताच ते म्हणाले.

"मी विमा विकत नाही, मिस्टर पेथरिक. तुमची लायब्ररी उघडत नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अजून वापरता ती? डूगल म्हण मला. मशीन काय म्हणतंय?"

"फाइल सापडत नाही म्हणतंय. पण ती आहे!"

"थापा मारतंय. माझी लायब्ररी दुसऱ्या एका लायब्ररीच्या आधारावर चालते. ती नसणार नव्या मशीनवर. हरवलंय एक आणि हे नाव घेतंय दुसऱ्याचं."

त्यांनी सांगितली तशी मेरिनने यादी काढली. खरंच, एक नाव गायब होतं. ती लायब्ररी जुन्या डिस्कवरून आणून ठेवताच प्रोग्राम चालू झाला.

"पातळी किती?" डूगलनी विचारलं.

"उणे चाळीस लाख मीटर."

"मग नदीतले ट्राउट मासे धरायला खाणकामगार बोलवावे लागतील." ते खोकत हसले. "उद्या फोन कर. तोवर आठवून ठेवतो."

फोन ठेवल्यावर वीस मिनिटांत तिला चूक सापडली. पायथन आठ बाइटचा आकडा पाठवत होतं, फोर्ट्रान त्यातले चारच वाचत होतं. एक ओळ बदलली. पातळी आली, एक पूर्णांक चार मीटर. तिने संदेश सुरू केले आणि डूगलना कळवायला फोन उचलला. थोडा वेळ तो हातात धरून बसली. मग परत ठेवला.

मंगळवारी तिने फोन केला.

"आकडे अजून चुकतायत," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली. मध्येच म्हणाले, "नेल अशीच वाचून दाखवायची. माझी बायको. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

बुधवारी त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

"टोस्ट खाल्ला."

"त्याला जेवण म्हणतेस? कागद-पेन घे." आणि त्यांनी भोपळ्याचं सूप कसं करायचं ते सावकाश सांगितलं. मेरिनने सगळं लिहून घेतलं.

गुरुवारी तिने पुन्हा त्याच ओळी वाचल्या. डूगल हुंकार देत ऐकत राहिले. अर्धा तास गेला.

"अवघड आहे खरं," ते म्हणाले.

"तुमच्याकडे पाणी चढलंय का?"

"चढलंय की. दोन पूर्णांक सहा. सकाळी तुमचा मेसेज आला. मी जाऊन काठावरच्या मोजपट्टीवर पाहिलं, बरोबर आहे."

डूगलकडे मोबाइल असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

"कधीपासून येतायत मेसेज?" तिने हळूच विचारलं.

"मंगळवार सकाळपासून."

पलीकडे कपात चहा ओतल्याचा आवाज आला.

"बरं," डूगल म्हणाले, "उद्या काय बिघडणार आहे?"