माळवदाची पहिली टोपली

मित्रांनो, डांबरी रस्त्यावर घरघर करत फिरणारा रूळ तुम्ही पाहिला असेल. मी त्याच्याच घराण्यातला म्हातारा. मला इंजिन नाही की बसायला गादी नाही. मी एक जुना दगडी रूळ आहे, आणि माझे सारे आयुष्य रस्त्यावर नव्हे, एका घराच्या डोक्यावर गेले.

लेबनॉनच्या डोंगरातले आमचे गाव उतारावर वसले आहे. खालच्याचे छप्पर ते वरच्याचे अंगण, अशी इथली रचना. छपरे सपाट आणि मातीची, तुमच्याकडे माळवद म्हणतात तशी. ओकच्या तुळया, त्यांवर फांद्या, त्यांवर काटेरी झुडपे आणि सगळ्यांवर भुसा कालवलेल्या मातीचा थर. थर जाड असला की हिवाळ्यात चुलीची ऊब घरातच राहते आणि उन्हाळ्यात ऊन वरच्या वर अडते. पाऊस पडून गेला की मला त्यावरून फिरवायचे. ओली माती दाबली गेली की भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरत नाही. काम एवढेच, पण ते चुकले तर घरातल्यांची अंथरुणे भिजतात.

गावामागच्या खडकातून मला काढणारा पाथरवट कामाला चोख आणि तोंडाने फटकळ होता. मला गोल करताना त्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या दोन्ही टोकांना खोबण्या पाडून त्यांत लोखंडी कडी बसवली आणि घरमालकाने मला बैलांकरवी माळवदावर चढवले. हा मालक मोठा नेमाचा माणूस. पाऊस थांबला की कॉफीचा घोटही न घेता तो वर यायचा आणि मला ओढायचा. येणारे-जाणारे म्हणत, माळवद असावे तर असे. ते ऐकून माझी छाती फुगायची. दगडाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, तरी फुगायची.

पुढे मालक वारला. थोरला मुलगा तन्नूस व्यापारासाठी ब्राझीलला गेला. धाकटा वहबे स्वभावाने गरीब, पण शेळ्या आणि द्राक्षमळा यांतून त्याला वर यायला सवडच होईना. मी कोपऱ्यात पडून राहिलो. माझ्याभोवती गवत माजले. पावसाने माती थोडी थोडी वाहून नेली, थर पातळ झाला, आणि एका हिवाळ्यात घर ठिकठिकाणी गळू लागले. वहबेची बायको झहिया भांडी मांडून मांडून थकली. चूल कितीही पेटवली तरी ऊब टिकेना, लाकडे निम्म्या हिवाळ्यातच संपली. हे सारे माझ्याच खाली घडत होते आणि मला जागचे हलता येत नव्हते. मला फार वाईट वाटे.

पुढच्या वर्षी झहियाला दिवस गेले. डिसेंबरातल्या बार्बाराच्या सणाच्या सुमारास, ऐन थंडीत, ती बाळंत होणार होती. वहबेने या खेपेला मनावर घेतले आणि माळवदावर नवा जाड थर घालायचे ठरवले.

मित्रांनो, या कामाचीही एक वेळ असते. भर उन्हाळ्यात माती घातली तर ती घाईघाईने वाळते आणि तडकते. पाऊस लागल्यावर घातली तर वाळतच नाही, तुळयांवर नुसते ओझे होते, आणि पुढे बर्फ पडले की तिचा भुगा होतो. खळ्यावरचा भुसा घरात आलेला, ऊन मऊ झालेले आणि पाऊस अजून समुद्रापलीकडे, असे थोडेच दिवस मिळतात. सप्टेंबरात क्रुसाच्या सणाच्या शेकोट्या विझल्या की आमच्याकडे माती चाळायला घेतात.

वहबेनेही चाळली. अंगणात ढीग लागला. पण घोडे अडले ते त्याच्या आईपाशी. गावात तिला सगळे उम् तन्नूस म्हणत, म्हणजे तन्नूसची आई. आमच्या गावची रीत अशी, की नव्या मातीची पहिली टोपली घरच्या थोरल्या मुलाने टाकायची. बंदरावरून आलेल्या कोणीतरी सांगितले होते, की तन्नूस लवकरच बोटीत बसणार आहे. झाले. त्याच्या बापाच्या माळवदावर पहिली टोपली त्याचीच पडेल, असे तिने जाहीर केले.

माळवद घालायला आमच्याकडे सारा शेजार येतो. मजुरी कोणी घेत नाही, घरच्यांनी जेवू घालायचे. शेजारी आले, कॉफी पिऊन परत गेले. पुन्हा आले, पुन्हा परत गेले. द्राक्षांची काकवी कढून झाली, तरी ढीग अंगणातच. वरच्या घरातला अबू असद मोठा टवाळ. आमचे माळवद म्हणजे त्याचे अंगण, त्यामुळे त्याला सगळे दिसे.

"उम् तन्नूस," तो म्हणाला, "तुझा मुलगा उतरेपर्यंत ढग काय बंदरावर खोळंबून राहणार आहेत?"

"माझ्या मुलाचं तोंड बघितल्याशिवाय पाऊस पडायचा नाही. तू आपल्या बकऱ्या सांभाळ."

वहबे आईपुढे ब्र काढत नव्हता. आणि समुद्राकडून ढग वर येऊ लागले होते.

एका दुपारी झहिया जड अंगाने माळवदावर आली आणि माझ्याभोवतीचे गवत उपटू लागली. सासू ओरडतच मागून चढली. अशा अवस्थेत शिडी चढतात का, असे बरेच काही ती बोलली. झहियाने हातातले गवत खाली ठेवले. आमच्याकडे सून सासूला काकी म्हणते.

"काकी, भावोजी आले की मी स्वतः त्यांना टोपली भरून देईन. पण माझं लेकरू बोटीची वाट बघत थांबणार नाही. त्याला मी कुठं निजवू, तेवढं सांगा."

उम् तन्नूस मटकन माझ्यावर बसली.

"मला अख्खं गाव त्याच्या नावानं हाक मारतं," ती हळूच म्हणाली. "त्याच्यावाचून माती घातली, तर तो यायचा नाही हे मीच कबूल केल्यासारखं होईल गं."

झहिया तिच्याजवळ टेकली. "येतील की. आणि आले की त्यांनाही कोरडी जागा लागेलच ना?"

म्हातारीने एकदा ढगांकडे पाहिले. मग उठून तिने अबू असदला हाक मारली आणि उद्या सगळ्यांना घेऊन ये म्हणून सांगितले.

सकाळी शेजार जमला. म्हातारीने स्वतः टोपली भरली. आता ती वहबेला देणार असे सगळ्यांना वाटले. पण ती झहियापुढे गेली.

"जिच्या अंथरुणावर गळतं, तिच्याच हातची पहिली टोपली," ती म्हणाली. "टाक, पोरी."

मग काय विचारता. माती वर चढली, गाणी झाली, मसूर-तांदळाची मुजद्दरा आणि ऑलिव्ह यांवर सगळ्यांनी ताव मारला. मऊ उन्हात थर बेताबेताने वाळला. त्यानंतरच पहिला पाऊस आला, आणि तो थांबताच वहबेने मला ओढले. किती दिवसांनी मी किरकिरत होतो! बर्फ पडत असताना झहियाला मुलगी झाली. घरात एक थेंब गळला नाही. तिचे पहिले रडणे मी जाड मातीतून अगदी अंधुक ऐकले, आणि मला धन्य वाटले.

तन्नूस त्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वसंतात आला. माळवद पाहून त्याने विचारले, पहिली टोपली कोणी टाकली? वहबेने झहियाकडे पाहिले.

"तुझ्या बायकोनं, वहबे?" त्याने पुन्हा विचारले.

"तिनंच," उत्तर आईने दिले. "तुझ्यासाठी थांबले असते, तर तुला यायला घर उरलं नसतं."

तन्नूसने डोळे पुसले. पाऊस पडून गेल्यावर चकचकीत बुटांनिशीच तो मला ओढू लागला आणि अबू असद वरून ओरडला, "गेले रे ब्राझीलचे बूट!"

आता गावात सिमेंट आले. माझे बरेचसे भाऊबंद फाटकांपाशी शोभेला उभे आहेत. मी मात्र अजून कामावर आहे, कारण झहियाच्या त्या मुलीने मातीचे छप्पर जपले.

मित्रांनो, तुमचे छप्पर मातीचे असो, कौलांचे असो की पत्र्याचे, ऋतू पालटण्याआधी एकदा वर चढून पाहा. दूर गेलेल्या माणसाची वाट खुशाल बघा. पण हातात टोपली घेऊन बघा.