साष्टीची लेक खाडीपलीकडे

डोंबिवलीच्या शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवते. ठाणं हे साष्टी बेटावरचं शहर आहे असं सांगितलं की दरवर्षी वर्ग हसतो. "मॅडम, म्हणजे आम्ही मॉलला बेटावर जातो?" हो, जाता. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे खाड्या. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, जो तो पाणी ओलांडूनच आला. इतकं ठणकावून सांगितलं की पोरं गप्प बसतात.

माझा आजा मात्र गप्प बसणाऱ्यांतला नाही. परशुराम आजा, कोपरीचा, सगळा जन्म मिठागरात गेलेला. खाडीपलीकडच्या शहाडचा मितेश मी स्वतः पसंत केला. आमच्याच आगरी समाजातला, घर चांगलं, आईबाबा खूश. आजाने एका वाक्यात निकाल लावला, "आपली पोर खारीपल्यार देयाची नाय."

आमच्या घरात त्याच्या शब्दाशिवाय सुपारी फुटत नाही. आणि मितेशला तर मी सोडणार नव्हते, कुणी कितीही आदळआपट करो.

आजाच्या नकाराचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आजाची धाकटी बहीण सखू खाडीपलीकडे, समोरच्याच गावात दिलेली. कोपरीची माणसं तिकडे जायची ती होडीने. सखू बाळंतपणात अडली, निरोप आला, आजा धावत जाऊन होडीत बसला आणि ओहोटीत होडी चिखलात रुतली. भरती येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. पोचला तेव्हा सखू गेली होती. तेव्हापासून त्याचं खाडीशी वैर. ट्रेनने कल्याणला शंभरदा गेला असेल, ते चालतं. लेक द्यायची नाही.

त्या रविवारी माझं डोकं फिरलं. "आजा, खाडीला कशाला शिव्या घालतोस? कळव्याचा पूल तुझ्या जन्माआधीपासून आहे. वळसा घालून चालत गेला असतास, तरी भरतीआधी पोचला असतास!"

बोलले आणि जीभ चावली. आपण बरोबर आहोत याचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

"व्हता पूल," आजा म्हणाला. "पन आमी होरीनंच जायचो. मना सुचलाच नाय."

मग म्हणाला, "माजी चप्पल दे."

रिक्षा त्याने घेऊ दिली नाही. कोपरीहून कळव्याच्या पुलापर्यंत आम्ही चालत गेलो. पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं, हॉर्नचा नुसता कालवा. मधोमध आजा कठड्याला धरून थांबला आणि सखूच्या गावाकडे बघू लागला. तिथे आता नुसत्या इमारती. मग मान वळवून त्याने कोपरीकडे पाहिलं.

"एवराच व्हता?"

मी त्याचा हात धरला. रडू आलं, तेही लपवलं नाही.

पलीकडच्या टोकाला पोचल्यावर त्याने पंच्याने तोंड पुसलं.

"मितेशचे बापाला बोलव. सुपारी फोरू," तो म्हणाला. "पन वरात याच पुलावरशी नेयाची. चालत. मी म्होरं."