धानाच्या ढोलीतून

मी चिमटा बोलतोय. चुलीजवळचा नव्हे. माणसाच्या कातडीखाली चरबी किती आहे, ते मोजणारा. मला दोन जबडे आहेत, पोटात स्प्रिंग आहे आणि कपाळावर घड्याळासारखी तबकडी. दंडामागची कातडी बोटांनी उचलून माझ्या जबड्यांत दिली की काटा तिची जाडी सांगतो.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. मखमली अस्तराच्या पेटीत बसून मी नागपूरला आलो आणि तिथे संशोधन करणाऱ्या इंदुताईंच्या हाती पडलो. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. जंगलातल्या तरुण मुलींच्या अंगावर चरबी किती असते, बाळंतपण सोसण्याइतकी तरी असते का, हे इंदुताईंना पाहायचे होते. उन्हाळ्यात आम्ही भामरागडपलीकडच्या एका गावी नदीतून डोंग्याने पोहोचलो.

मोहाच्या झाडाखाली मुली एकमेकींना ढकलत उभ्या राहिल्या.

"तूच जा ना पहिले, लय खाते तू!" म्हणून त्यांनी सोमारीला पुढे लोटले. माझा गार जबडा दंडाला लागताच सोमारी खिदळली. इंदुताईंची रीत अशी, की चूक होऊ नये म्हणून एका जागी तीनदा मोजायचे. त्यांनी दंड तीनदा मोजला. मग पाठही.

सोमारीची आई बुधरी दुरून पाहत होती. तिच्या गावात देवाला बकरा निवडताना असेच पाठीवर चिमटे काढून पाहतात. नको असलेल्याला एकदाच हात लावून सोडतात. पुन्हा पुन्हा चाचपला, तो बकरा ठरला.

बुधरी धावत आली. तिने मला हिसकावले, पोरीचे मनगट धरले आणि आम्हा दोघांना घरात कोंडले. सोमारीला आतल्या अंधाऱ्या खोलीत, आणि मला तिथल्याच ढोलीत. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची उंच कणगी, शेणाने लिंपलेली.

धानाचे दाणे माझ्या जबड्यांत शिरले. काटा अडकला. आजवर मीच सगळ्यांना धरत आलो होतो. ढोलीबाहेर सोमारी दार बडवत होती.

"आये, सोड ना वं! किती दिवस ठेवशीन?"

"थे बाई गेल्यावरबी नाई सोडत. थे परत येईन तुले न्याले."

इंदुताई दाराशी आल्या. "बुधरीबाई, मी तिला कुठेही नेणार नाही."

"मंग तीनदा काऊन चाचपलं?"

"चूक होऊ नये म्हणून."

"बकरा घेनाराबी हेच म्हनते."

इंदुताईंनी बाही वर सारली. मग त्यांनी आपला दंड पुढे केला. "मलाही चाचपून बघ."

बुधरीने बोटांनी तीन चिमटे काढले. "हाडंच हायेत. तुले कोन नेते?"

बाहेर मुली फिस्सकन हसल्या. पण कडी निघाली नाही.

"पोरीले सोडतो," बुधरी शेवटी म्हणाली. "चिमटा नाई देत. चिमटा हाती असला का तू आखीन येशीन."

मी इंदुताईंच्या नव्हे, त्यांच्या संस्थेच्या मालकीचा होतो. नागपूरला त्यांना जाब द्यावा लागणार होता.

"ठेव," त्या म्हणाल्या.

कडी वाजली. सोमारीची पावले पळत अंगणात गेली.

तेव्हापासून मी इथेच आहे. दर वर्षी नवे धान माझ्यावर पडते. स्प्रिंगला गंज चढला आहे. कधी सोमारी धान काढायला येते, तेव्हा तिचा दंड मला घासून जातो. तो आता भरला आहे की वाळला आहे, हे मला सांगता येत नाही.

एकदा मी तिच्या बोटांना लागलो. तिने मला काठापर्यंत उचलले. कितीतरी दिवसांनी उजेड दिसला.

"का करून राह्यली वं?" बाहेरून बुधरीचा आवाज आला.

"काई नाई, आये," म्हणत सोमारीने मला पुन्हा खोल, अगदी तळाशी खुपसले.

बाबांनो, कुणाच्या लेकीला मोजायला गेलात, तर आधी तिच्या आईजवळ घटकाभर बसा. आणि मला शोधायला येऊ नका. मी वर निघालो, तर बुधरी सोमारीवर पुन्हा कडी लावील.