निळ्या बाटलीतलं व्हिनेगर

हर्षद रोह्याच्या एका केमिकल कंपनीत दहा वर्षं ॲसिडच्या टाक्यांवर कामाला होता. अशा माणसाला ॲसिडची भीती हवी की नको? पण रोजच्या सवयीने त्याची भीतीच मेलेली.

बायको दिशा बाळंतपण आटोपून, तीन महिन्यांच्या पोरीला घेऊन, आठवड्यापूर्वीच पेणच्या माहेराहून रोह्याजवळच्या वरसे गावी परतली होती. आल्या आल्या म्हणाली, "कांदे-गाजरं मुरवायला व्हिनेगर आणा हो."

झालं! साहेबांना अक्कल पाजळायला निमित्त मिळालं. "दुकानातलं व्हिनेगर म्हणजे शंभरात पाच भाग ॲसेटिक ॲसिड, बाकी नुसतं पाणी. आमच्याकडं असली माल हाय. एकाला एकोणीस भाग पाणी घातलं की झालं तुझं व्हिनेगर."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! गेटवरच्या वॉचमनला संशय नको म्हणून त्याने ते ॲसिड खोबरेलाच्या निळ्या बाटलीत भरलं. शिफ्ट सुटल्यावर कामगार हातापायांना तेल लावतात, अशी बाटली कुणी उघडून बघत नाही. घरी येऊन त्याने ती न्हाणीतल्या फळीवर ठेवली. पाणी उद्या मिसळू म्हणाला, आणि दिशाला सांगायचंही उद्यावरच टाकलं.

सकाळी कडाक्याची थंडी. निव्वळ ॲसेटिक ॲसिड थंडीत गोठतं, अगदी खोबरेलासारखं. हर्षदला हे पक्कं ठाऊक होतं. बायजाला कसं असणार?

बायजा घरोघर तान्ह्या पोरांना मालीश करून न्हाऊ घालायची. अर्ध्या वरसेची पोरं तिच्या पायांवर वाढलेली. तिने फळीवरची निळी बाटली हलवून पाहिली. "तेल थिजलंय गो," असं दिशाला ओरडून सांगितलं आणि बाटली गरम पाण्याच्या बादलीत सोडली. बिचारीचं नाक सर्दीने चोंदलेलं, त्यात डोळ्यांत चुलीचा धूर. तिला वास यावा कसा?

वास आला तो ओटीवर चहा पिणाऱ्या हर्षदला. आंबट, नाकात सुईसारखा घुसणारा, कंपनीतला वास. घरात? कप तिथेच पडला.

तो न्हाणीच्या दाराशी धावला. बायजा पाय पसरून बसलेली, नडग्यांवर उघडी पोर हातपाय उडवत हसत होती. निळी बाटली बाजूला. बायजाने तळहात एकमेकांवर चोळले आणि पोरीच्या छातीकडे नेले.

"बायजा, हात लावू नको!"

त्याने झडप घालून पोर उचलली. पोरीने टाहो फोडला. स्वयंपाकघरातून दिशा धावत आली.

"याड लागलं का रं तुला?" बायजा ओरडली, आणि तेवढ्यात तिचा चेहरा वाकडा झाला. "आई गं! आग आग होतेय रं हातांची!"

हर्षदने पोर दिशाच्या हातात कोंबली, बायजाची मनगटं धरून दोन्ही हात नळाखाली ओढले. "काढू नको, पाण्यातच ठेव." बाटलीत काय होतं, कुठून आणलं, सगळं त्याने तिथेच सांगून टाकलं. दिशा वेड्यासारखी पोरीचं अंग न् अंग तपासत होती.

"पोरीवर थेंब नाय ना उडाला?" बायजाने विचारलं. तिचे तळहात पांढरे पडत चालले होते.

"नाय उडाला," दिशा म्हणाली आणि तिने पोरीला पदरात गुंडाळलं.

"मग व्हिनेगर तर खातात ना रं?" बायजाने हर्षदला विचारलं.

"खातात ते पाणी घातलेलं, बाय. हे तेच, पण बिनपाण्याचं." एवढं बोलताना हर्षदला रडू फुटलं. लाज वाटली त्याला, भयंकर लाज.

दवाखान्यात डॉक्टरांनी बायजाचे हात मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळले आणि महिनाभर काही धरायचं नाही म्हणून बजावलं. हर्षदने तिला घरी सोडलं, तेव्हा तिच्या सुनेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याने साबणाने तीनदा हात धुतले. पोर दिशाच्या मांडीवर जागी होती, बापाला बघून हसली. त्याने हात पुढे केले. दिशाने पोरीला छातीशी घट्ट धरलं, वाकून त्याच्या तळहातांचा वास घेतला.

"आज नको," ती म्हणाली.