कापड वाढत नसतं

"ताई, मागच्या वर्षी तू दिलेलं कापड फसवं निघालं," दुकानात पाऊल टाकता टाकताच माझा धाकटा भाऊ म्हणाला. "तिन्ही शर्ट सैल पडलेत. या वेळी न ताणणारं काहीतरी दाखव."

मी हसले. हसता हसता हातातली टाचणी बोटात रुतली.

तीस वर्षं मी शर्ट शिवतेय. आटलेलं कापड पाहिलंय, विटलेलं पाहिलंय, विरून जाळी झालेलं पाहिलंय. धुऊन धुऊन वाढलेलं पॉपलिन अजून काही पाहिलं नाही.

"पाच शर्ट टाक," तो म्हणाला. "वीस वर्षं कंपनीचा निळा गणवेश घातला. आता बढती मिळालीय, खुर्चीवर बसायचंय, हवं ते घालायची मुभा आहे. एक लालही होऊ दे."

"लाल?" मागून आलेली भावजय म्हणाली. "चौकात उभे राहिलात तर गाड्या थांबतील! ताई, लाल द्या, काळं द्या, पण निळं नको. कपाट उघडलं की विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं."

मी तागे खाली काढले. मऊ सुती चौकडी, बारीक रेघांचं पॉपलिन, मोहरीच्या फुलांच्या रंगाचं लिनन. मी कापड टेबलावर पसरून दाखवत नाही. माणसाला आरशासमोर उभं करते आणि कापड खांद्यावर टाकते. रंग चेहऱ्याशेजारी बोलतो, पोत खांद्यावर कळतो.

लिनन भावाच्या खांद्यावर टाकलं, ते घसरलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घसरलं.

या खांद्यावरून कधी कापड घसरलं नव्हतं. लहानपणी आम्ही याला ढब्ब्या म्हणायचो. कापडाखाली बोटांना हाड लागलं.

असा खांदा मी एकदा पाहिला होता. वडिलांचा. ते दर महिन्याला दोन शर्ट आणून ठेवायचे. म्हणायचे, "आत घे गं जरा." मी घ्यायची. आधी एक बोट, मग दोन बोटं. शिवण अशी सफाईची की आई म्हणायची, बघा, अंगावर कसा बसलाय! कुणाला काही दिसलंच नाही. दिसलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं फार उरलं नव्हतं. दुखणं वडिलांचं होतं, झाकलं मी.

भावानं पिशवीतून तिन्ही जुने शर्ट काढले. "नवे होईपर्यंत हे आत घे. दोन-दोन बोटं बास."

माझे हात त्या शर्टांना लागेनात.

"आधी माप घेते," मी म्हणाले.

टेप छातीभोवती फिरवली. आकडा वाचला. पुन्हा फिरवली. आरशात त्याची नजर माझ्या नजरेला भिडली, आणि मला कळलं की त्याला ठाऊक आहे.

"नुसतं लिही ना, ताई," तो हळूच म्हणाला.

वडिलांच्या वेळी मी नुसतंच लिहिलं होतं.

"सदतीस," मी मोठ्यानं म्हणाले. "मागच्या वर्षी बेचाळीस."

लाल कापड गालाला लावून बघणारी भावजय तशीच थांबली. "हल्ली चालायला जातात ना, म्हणून असेल..."

"चालणाऱ्याचं पोट उतरतं. याचे खांदे गेलेत. जेवतो का नीट?"

"डबा अर्धा परत येतो. म्हणतात, वेळच मिळाला नाही." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला.

भाऊ चिडला. "शर्ट शिवायला आलोय मी! तू शिंपीण आहेस, डॉक्टरीण होऊ नकोस."

"शिंपीण आहे म्हणूनच सांगते, ढब्ब्या. कापड वाढत नसतं. हे शर्ट मी आत घेणार नाही."

तो स्टुलावर बसला. पट्ट्याचं टोक कमरेला वळसा घालून मागे गेलेलं, त्यात खिळ्यानं पाडलेली नवी भोकं. एक, दोन, तीन.

"डॉक्टरांकडे गेलो की याला नाव पडेल, ताई," तो म्हणाला. "आत्ता नुसता सैल शर्ट आहे."

मला रडू येत होतं. पण त्याच्याआधी मी रडले असते तर तो उठून गेला असता. मी एकेका कापडाची घडी घालत राहिले. भावजयीनं फोन काढला, कोपऱ्यात जाऊन बोलली, परत आली. "डॉक्टरांनी चार वाजता बोलावलंय. आजच."

"तू येतेस?" त्यानं मला विचारलं.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. तो पुढे, आम्ही दोघी मागे. शिवताना गुणगुणते ती ओळ माझ्या ओठांवर आपोआप आली, आणि तिथेच अडकली:

सुई गं पुढे धावे, दोरा मागून येई,
भाऊ गं पुढे चाले, जीव मागोमाग जाई.

डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, पोट दाबून पाहिलं. एका जागी त्यांची बोटं थांबली, तिथेच परत गेली. चेहरा काहीच सांगेना.

"कधीपासून?"

"दोनेक आठवडे," भाऊ म्हणाला. मग आमच्याकडे न बघता, "नाही. पाच महिने."

भावजयीनं माझं मनगट घट्ट धरलं. डॉक्टरांनी उठून आतल्या खोलीचं दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं.